‘फायरमन सॅम’ डीव्हीडीवर: कोणत्या काळातला घ्यावा आणि का

तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी ‘फायरमन सॅम’च्या, म्हणजे एका वेल्श गावातल्या अग्निशामकाच्या ब्रिटिश बालमालिकेच्या, डिस्क घ्यायच्या असतील, तर कव्हर बघून ठरवू नका, साल बघून ठरवा. एकाच नावाखाली खरं तर तीन वेगळ्या मालिका विकल्या जातात आणि त्यांचे स्वभाव एकमेकींशी फारसे जुळत नाहीत. पहिली १९८७ ते १९९४ या काळातली, बाहुल्यांची, स्टॉप-मोशन, म्हणजे बाहुल्या थोड्या थोड्या हलवून एकेक चित्र टिपलेली. दुसरी २००५ ची, तीही बाहुल्यांचीच, पण वेगळ्या स्टुडिओची. तिसरी २००८ पासूनची, संगणकावर तयार केलेली आणि आजही सगळ्यात जास्त दिसणारी. आमचा कौल असा: सुरुवात पहिलीपासून करावी, तिसरी मूल पाचेक वर्षांचं झाल्यावर आणावी, आणि मधली समोर आली तर घ्यावी, तिच्यासाठी वणवण करू नये.

पहिल्या मालिकेकडे आमचा ओढा असण्याचं कारण तिच्या मुळाशी आहे. कल्पना डेव्ह गिंगेल आणि डेव्ह जोन्स या दोघांची. दोघेही इंग्लंडमधल्या केंट परगण्यात अग्निशमन दलात काम केलेले. ही कल्पना निर्माते माइक यंग यांच्यामार्फत पुढे गेली, रॉब ली यांनी पात्रं आणि कथा घडवल्या आणि वेस्टन-सुपर-मेअरच्या बंपर फिल्म्सने बाहुल्या हलवल्या. नोव्हेंबर १९८७ मध्ये वेल्श भाषेत एस-फोर-सी वाहिनीवर ‘सॅम तान’ म्हणून आणि इंग्रजीत बीबीसीवर मालिका सुरू झाली. गावाचं नाव पॉन्टिपॅन्डी. दक्षिण वेल्समधल्या पॉन्टिप्रिद आणि टोनिपॅन्डी या दोन खऱ्या गावांची नावं जोडून ते केलेलं आहे. खोऱ्यातलं वेल्श गाव, एक बंब, मोजकी माणसं. ज्यांनी असल्या ठाण्यात ड्युटी केली, त्यांच्या डोक्यातून हे निघालंय, हे कथा बघताना जाणवत राहतं.

ते सगळ्यात जास्त जाणवतं संकटाच्या आकारात. पहिल्या मालिकेत दर वेळी काही आग लागत नाही. अडकलेला पतंग, हरवलेलं मांजर, खड्ड्यात पडलेला मुलगा, धुक्यात चुकलेली वाट, आणि अधूनमधून एखादी खरी आग, कोठारातली वगैरे. हे वास्तवाच्या बरंच जवळ आहे. ब्रिटनमधल्या अग्निशमन सेवांना येणाऱ्या कॉल्समध्ये आगींचा वाटा निम्म्याहून बराच कमी असतो. खोट्या गजरांचा वाटा सगळ्यात मोठा, आणि उरलेल्यात अपघात, पूर, अडकलेली माणसं आणि जनावरं. चार वर्षांच्या मुलाला आधी हे कळणं चांगलं, की बंबवाले म्हणजे अडचणीत बोलवायची माणसं. रोज गाव पेटतं असं त्याला वाटायला लागलं, तर झोपायच्या वेळी प्रश्न सुरू होतात, आणि त्यांची उत्तरं देणं सोपं नसतं.

दुसरी गोष्ट वेगाची. प्रत्येक भाग दहा मिनिटांचा, आणि त्यातली पहिली पाच-सहा मिनिटं संकट कसं तयार होतं यात जातात. कोणी काय विसरलं, काय कुठे ठेवलं, ते मुलाला आधी दिसतं. मग घंटा वाजते. स्टेशन ऑफिसर स्टील निरोप वाचतो, सॅम आणि त्याचा सहकारी एल्विस क्रिडलिंग्टन धावतात, ‘ज्युपिटर’ हा लाल बंब बाहेर पडतो. कारण आणि परिणाम एका सरळ रेषेत येतात. चौथ्या वर्षी मुलाला एवढाच धागा धरता येतो, आणि तो धरता आला की ते आपणहून सांगायला लागतं, ‘आता ते पडणार बघ.’ असं ते बोलायला लागलं की समजावं, डिस्कचे पैसे वसूल झाले.

बाहुल्यांची तोंडं पहिल्या मालिकेत हलत नाहीत. बोलताना मान डोलते, हात हलतात, चेहरा तोच. सगळ्या पात्रांचे आवाज आणि निवेदन एकट्या जॉन ऑल्डर्टन यांचं. हे आज बघणाऱ्याला पहिली दोन मिनिटं खटकतं. पण मुलाला गोष्ट सांगणारा एकच माणूस ऐकू येतो, आजोबा पुस्तक वाचताना प्रत्येकाचा आवाज काढतात तसा, आणि त्यामुळे कोण बोलतंय यात गोंधळ होत नाही, कारण निवेदक ते सांगतच असतो. इंग्रजी नुकती कानावर पडू लागलेल्या मुलासाठी तर हे फार सोयीचं आहे: वाक्यं छोटी, उच्चार स्वच्छ, मागे संगीताचा गोंगाट नाही. शीर्षकगीत मॅल्डविन पोप यांनी गायलेलं, आणि ते घरात दिवसभर ऐकू येणार याची तयारी ठेवावी.

आता तिसरी, संगणकावरची मालिका. तिला नाकारण्याचा आमचा हेतू नाही. चित्रं देखणी आहेत, हवामान आणि पाणी बघण्यासारखं आहे, ताफाही मोठा आहे: बोट ‘नेपच्यून’, बचाव हेलिकॉप्टर, चारचाकी बाइक ‘मर्क्युरी’, ठाण्यातला कुत्रा रडार. वाहनांचं वेड असलेल्या मुलाला हे सगळं हवंच असतं. पण संकटं फुगली आहेत. दहा मिनिटांत कडा कोसळतो, बोट भरकटते, हेलिकॉप्टर येतं. आणि या सगळ्याच्या मुळाशी पुन्हा पुन्हा नॉर्मन प्राइस हाच मुलगा असतो. पहिल्या मालिकेतला नॉर्मन खोडकर आहे, स्केटबोर्डवरून पडतो, खड्ड्यात अडकतो. नंतरचा नॉर्मन आग लावतो, लोकांना धोक्यात घालतो, शेवटी दोन वाक्यांची समज मिळते आणि पुढच्या भागात तो पुन्हा मोकळा.

पालकांनी हे हसण्यावारी नेऊ नये. लहान मुलांचं आगीशी खेळणं ब्रिटनमधल्या अग्निशमन सेवा इतकं गंभीर धरतात, की त्यासाठी मुलाशी आणि घरच्यांशी बोलणारी प्रशिक्षित माणसं त्यांनी ठेवलेली आहेत. त्यामुळे असा भाग लावला तर संपल्यावर एक प्रश्न जरूर विचारावा: ‘नॉर्मनने कुणाला आधी सांगायला हवं होतं?’ ‘नॉर्मन वाईट आहे का?’ असं विचारू नये. त्यातून मूल फक्त नॉर्मनची नक्कल करायला शिकतं.

तिसऱ्या मालिकेची खरी जमेची बाजू वेगळी आहे. पेनी मॉरिस ही अग्निशामक बाई १९९४ च्या भागांमध्ये आली, म्हणजे जुन्या मालिकेच्या अगदी शेवटी. त्याआधीच्या सगळ्या भागांत ठाण्यात फक्त पुरुष. संगणकी मालिकेत पेनी कायमची आहे, पुढे एलीही येते, आणि दोघी खरं काम करताना दिसतात. लिंकनशायरच्या अग्निशमन सेवेने २०१९ मध्ये सॅमला आपल्या प्रचारातून बाजूला केलं, ते बायकांना या कामाकडे वळवण्यात तो आड येतो म्हणून. मुलगी बघणार असेल तर जुन्या डिस्कसोबत पेनी असलेली एखादी नवी डिस्क घरात हवीच, हे आम्ही आग्रहाने सांगू.

मधली २००५ ची मालिका कार्डिफच्या सिरिऑल स्टुडिओची, २६ भागांची. बाहुल्या सुबक, पण निवेदकाची जागा अनेक कलाकारांनी घेतल्यामुळे जुना निवांतपणा गेला आणि नव्याचा थाटही आलेला नाही. टॉम थॉमस आणि त्याचं हेलिकॉप्टर इथे पहिल्यांदा येतं. एवढं सांगितलं की पुरे.

खरेदी करताना मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचावीत. पहिली खूण स्वामित्वहक्काच्या चिन्हापुढचं साल. ते कधी कधी पुनर्प्रकाशनाचं असतं, म्हणून दुसरी खूणही बघावी, चित्राचं प्रमाण. ४:३ लिहिलं असेल तर माल जुना, १६:९ असेल तर बहुधा संगणकी. तिसरी खूण आतल्या भागांची यादी, आणि सगळ्यात जास्त विश्वास तिच्यावरच ठेवावा. कारण या मालिकेच्या डिस्क संकलनांच्या स्वरूपात निघतात: एका डिस्कवर बहुतेक वेळा पाच-सहा भाग, वर काहीतरी धडाडीचं नवं नाव. नाव वेगळं म्हणजे भाग वेगळे, असं नसतं. दोन डिस्क घेतल्या आणि निम्मे भाग तेच निघाले, ही या प्रकारातली ठरलेली तक्रार आहे. घरातल्या डिस्कवरच्या भागांची नावं फोनमध्ये लिहून ठेवावीत आणि नवीन घेण्याआधी ताडून पाहावीत. पहिल्या मालिकेत चार हंगाम मिळून दहा मिनिटांचे ३२ भाग आणि एक लांबीने जास्त असलेला नाताळचा विशेष भाग आहे, तेव्हा तिचा संच पूर्ण व्हायला फार वेळ लागत नाही.

विभागाचा आकडा, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते सांगणारा क्रमांक, विसरू नका. ब्रिटनमधली डीव्हीडी विभाग २ ची, पाल या चित्रपद्धतीची, सेकंदाला २५ फ्रेम. अमेरिकेतली विभाग १, तिथल्या एनटीएससी पद्धतीची. भारतात विकले जाणारे प्लेअर विभाग ५ चे. प्लेअर सर्व-विभागी नसेल तर डिस्क आत जाईल आणि पडद्यावर फक्त सूचना येईल. पाल डिस्क चालवू शकणारा प्लेअर असला, तरी टीव्हीने ५० हर्ट्झचं चित्र घ्यायला हवं. अमेरिकी बाजारातले बरेच टीव्ही ते घेत नाहीत. उलट बाजूने, अमेरिकेसाठी काढलेल्या नव्या डिस्कवर अमेरिकी कलाकारांचे आवाज असतात. गाव वेल्सचं आणि बोलणं तिकडचं, हे कानाला विचित्र लागतं. वेल्श सूर हा या मालिकेचा अर्धा जीव आहे. निवड असेल तर ब्रिटिश आवृत्तीच घ्यावी.

चित्राबद्दल सांगायचं तर जुने भाग रुंद टीव्हीवर लावले की टीव्ही ते आपोआप ताणतो. सॅम बुटका आणि गोलमटोल दिसतो, ज्युपिटर बससारखा लांब. टीव्हीच्या मेनूत जाऊन चित्राचं प्रमाण ४:३ करावं आणि दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या खुशाल राहू द्याव्यात. काहीजण पट्ट्या घालवण्यासाठी झूम करतात. त्यात वरून हेल्मेट आणि खालून हात कापले जातात, आणि या बाहुल्या बोलतात त्याच मुळी मान आणि हातांनी. लॅपटॉपवर बघताना पटकन हललेल्या गोष्टींच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसतील. तो डिस्कचा दोष नाही. डीव्हीडीवरचं चित्र एकाआड एक ओळींच्या दोन भागांत साठवलेलं असल्याने असं होतं. व्हीएलसी या व्हिडिओ दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओच्या मेनूतून डीइंटरलेस चालू केलं की रेषा जातात.

आवाजाची एक अडचण तिन्ही काळांत आहे. संवाद हळू, घंटा आणि सायरन मोठे. आवाज संवादापुरता वाढवला की घंटेला मूल दचकतं. बहुतेक प्लेअरमध्ये आवाजाच्या सेटिंगमध्ये रात्रीसाठीचा किंवा आवाजातली तफावत कमी करणारा पर्याय असतो. तो चालू करून पहिला भाग एकदा आपण बघून घ्यावा.

‘सगळे भाग सलग’ हा पर्याय मेनूत असतो, आणि तो न दाबणं उत्तम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा बघण्याची मर्यादा दिवसाला एक तास सांगितली आहे, आणि त्याहून कमी असेल तर बरं असं म्हटलं आहे. पाच-सहा भागांची डिस्क सलग लावली की तो तास तिथेच संपला. एक भाग लावावा, दहा मिनिटांनी मेनू येतो, तिथे थांबणं सोपं जातं. पुढचा भाग आपोआप सुरू होणाऱ्या अॅपपेक्षा डिस्क आम्हाला बरी वाटते ती याचसाठी.

यातून मूल अग्निसुरक्षा किती शिकतं? थोडी, आणि त्यातलीही काही दुरुस्त करून द्यावी लागते. मदत मागवावी, मोठ्यांना सांगावं, धोक्याच्या जागी जाऊ नये, हे नीट पोहोचतं. पण तीन गोष्टी मालिका सांगत नाही किंवा चुकीची छाप पाडते.

पहिली, चेहरा. सॅम पिवळ्या हेल्मेटमध्ये हसतमुख येतो. खऱ्या घरात धूर भरला असताना आत येणारा माणूस श्वसनयंत्र लावून येतो: चेहऱ्यावर मुखवटा, पाठीवर हवेची टाकी, प्रत्येक श्वासाला मोठा घरघराट, आणि सोबत दुसरा जोडीदार, कारण अशा जागी एकट्याने जायचं नाही हा नियम आहे. घाबरलेलं लहान मूल अशा माणसापासून लपतं, पलंगाखाली किंवा कपाटात. म्हणूनच अग्निशमन दलाची माणसं शाळेत आली की मुलांसमोर मुखवटा चढवून दाखवतात. डिस्क बघितल्यावर एकदा तरी श्वसनयंत्र घातलेल्या अग्निशामकाचा फोटो मुलाला दाखवावा आणि सांगावं, की सॅम हाच आहे, हाक मारायची, लपायचं नाही. या मालिकेसोबत करायचं एकच काम निवडायचं झालं, तर आम्ही हे निवडू.

दुसरी, पाणी. पडद्यावर ते संपतच नाही. ब्रिटनमधल्या साध्या बंबात साधारण १,८०० लिटर पाणी असतं. मोठ्या होजमधून मिनिटाला ४०० लिटर सोडलं तर ते साडेचार मिनिटांत संपतं. म्हणून एकजण पोहोचल्याबरोबर रस्त्यावरचा हायड्रंट, म्हणजे बंबाला पाणी देणारा नळ, शोधायला धावतो. पाच वर्षांच्या मुलाला हा हिशेब फार आवडतो. बादल्यांत सांगावा: दहा लिटरच्या १८० बादल्या.

तिसरी, स्वयंपाकघर. एल्विसचा स्वयंपाक हा मालिकेतला नेहमीचा विनोद आहे. पेटलेल्या तेलावर पाणी टाकायचं नसतं, हे मात्र कुणीतरी वेगळं सांगायला हवं. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जातं, क्षणात वाफ होतं, आणि वाफेचं आकारमान पाण्याच्या साधारण १,७०० पट असतं. पेटतं तेल त्या वाफेबरोबर छताला जातं. पूर्वी ब्रिटनमध्ये पिळलेला ओला टॉवेल भांड्यावर टाका असं शिकवत. आता तिथला सल्ला असा: धोका नसेल तर खालची आच बंद करा, भांडं हलवू नका, बाहेर पडा, दार ओढून घ्या आणि ९९९ ला (ब्रिटनमधला आपत्कालीन क्रमांक) फोन करा. लहान मुलासाठी एवढंच पुरे: बाहेर पडायचं, परत आत जायचं नाही.

जुन्या भागांतल्या काही गोष्टी कालबाह्य आहेत, त्या मुलाला समजावत बसायची गरज नाही. ‘स्टेशन ऑफिसर’ हे पद ब्रिटिश सेवांमध्ये आता त्या नावाने राहिलेलं नाही. वेल्समध्ये २०१६ पासून प्रत्येक नव्या घरात स्प्रिंकलर, म्हणजे आग लागली की आपोआप पाणी फवारणारे नळ, बसवणं कायद्याने बंधनकारक आहे, पॉन्टिपॅन्डीत अर्थातच ते नाहीत. ट्रेव्हर इव्हान्स बस चालवतो आणि बोलावलं की बंबावर येतो, हे मात्र आजही खरं आहे. वेल्सच्या ग्रामीण भागातली बरीच ठाणी अशाच माणसांवर चालतात: आपापलं काम करायचं, पेजर वाजला की काही मिनिटांत ठाण्यावर पोहोचायचं.

जुन्या डिस्क बहुतेक वापरलेल्याच मिळतात, तेव्हा हातात घेऊन तपासाव्यात. आधी मधल्या भोकाभोवतीची पारदर्शक कडी उजेडात धरावी. तिथे केसाएवढी चीर असली तरी डिस्क परत करावी. मुलं मधली कळ न दाबता डिस्क कडेने ओढून काढतात, ती वाकते, चीर वाढत जाते आणि एक दिवस प्लेअरमध्ये तिचे तुकडे होतात. चमकत्या बाजूवरचे बारीक ओरखडे फारसे नडत नाहीत, त्यातही आतून बाहेर जाणारे सरळ ओरखडे कमी त्रास देतात. वर्तुळात फिरणारा ओरखडा मात्र वाईट, कारण माहिती त्याच दिशेने लिहिलेली असते आणि सलग मोठा तुकडा वाचता येत नाही. त्याच कारणाने पुसतानाही मऊ कोरड्या कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावं, गोल गोल नाही. हातांचा चिकटपणा असेल तर कापड पाण्याने किंचित ओलं करावं. वरच्या छापील बाजूवर पेनाने नाव लिहू नये. चित्र एकाच जागी अडखळत असेल तर आधी पुसून बघावं, मग दुसऱ्या प्लेअरवर लावून बघावं. दोन्हीकडे त्याच सेकंदाला अडखळली तर दोष डिस्कचा.

व्हीएचएस कॅसेट अजूनही मिळतात, पण त्या प्लेअर आधीपासून असेल तरच घ्याव्यात. पारदर्शक खिडकीतून टेपच्या गुंडाळीकडे बघावं: पांढरट ठिपके किंवा पावडर म्हणजे बुरशी, आणि अशी कॅसेट लावली की बुरशी प्लेअरच्या हेडवर जाऊन पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. मुलांच्या कॅसेटमध्ये सुरुवातीचा भाग सर्वात झिजलेला असतो, कारण शीर्षकगीत पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकलेलं असतं. तेव्हा पहिल्या दोन मिनिटांतलं चित्र फाटकं दिसलं म्हणून लगेच नाकारू नये, पुढे पळवून तिसरा भाग बघावा.